शेवटी चालणारी जुरीबाई

जुरीबाई कधी कोणाच्या पुढं चालली नाही. डोंगरातून माणसं उतरायची, एकामागे एक, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं, काखेत एखादी कोंबडी. सगळी आमच्या नाक्याच्या आवारात येऊन टेकली, पाणी प्याली, की मग कुठं सागांमधून ही बया निघायची. हातात काठी आणि तोंड चालू. तोंड असं चालू, की बाई दिसायच्या आधी ऐकू यायची. एकदाच मी तिला पुढं चालताना पाहिलं, आणि ते कसं झालं तेच मला सांगायचंय. पण मी सांगायला बसले की फाटे फुटतात, हे माझ्या लेकीला विचारा.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचे हे जंगल खात्यात नाकेदार होते. नाका म्हणजे काय हो, रस्त्यावर आडवा बांबू, एक कौलारू खोली, विहीर, आणि चहूकडे रान. डोंगराकडची पायवाट तिथं गाडीरस्त्याला मिळायची आणि तो रस्ता पुढं वडशाकडे, धानाच्या मुलखात जायचा. मी वडशाचीच. रेल्वेची शिट्टी ऐकत वाढलेली, हिवाळ्यात गावोगाव दंडारीचे खेळ पाहत फिरणारी पोरगी. लग्न झालं आणि थेट त्या रानात येऊन पडले. पहिले काही दिवस रडले. रडलेलं ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर बंद केलं.

दिवाळी झाली की डोंगरातली माणसं उतरायला लागायची. वर कोसरीचं पीक उन्हानं जळालेलं असायचं, कणगी रिकामी. खाली धानाची कापणी असते, पोट भरतं, एवढंच त्यांना ठाऊक. काही माणसं कापणी करून परत जायची. पुष्कळशी खालीच राहायची, कोणी पुढं बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणीपर्यंत जायची. पण खाली पोचायचं म्हणजे नदी ओलांडायची, ताप अंगावर काढायचा, आणि नदीपासून नाक्यापर्यंतचं रान पायी तुडवायचं. त्या रानात वाघ माणसाच्या मांसाला चटावला होता. नाक्यात आल्याआल्या ही माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची. कोण आलं, कोण नाही.

जुरीबाई त्यांना आणायची. कोणी नेमली नव्हती तिला. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी दारात तांदूळ पाखडत होते. तिनं आधी आमच्या कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाकेदारीणबाई, हे कुंपन शेळीसाठी केलं का वाघासाठी?"

"शेळीसाठीच," मी म्हटलं.

"शेळी बी हासत असन याले."

तिनं लगेच गड्यांना बोरीच्या काट्या तोडायला पाठवलं. आमचे हे बाहेर आले आणि ओरडले, ही सरकारी जागा आहे, इथं विचारल्याशिवाय काही करायचं नाही. जुरीबाई काठीवर हनुवटी टेकवून सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, "सरकारले वाघ खात नाई, साहेब. तुमाले खाते." हे आत गेले ते चहा होईपर्यंत बाहेर आले नाहीत. पण खरं सांगते, पुढच्या साली दिवाळीच्या आधी ह्यांनी स्वतः उभं राहून कुंपण भरून घेतलं.

उंच बाई. कपाळावर आणि हातभर गोंदण, केस पांढरे नि कमी, समोरचा एक दात तंबाखूनं काळा. मराठी तिनं आमच्याच मुलखात धान रोवण्याच्या चिखलात उभं राहून उचललेली, म्हणून शिव्या अगदी आमच्याकडच्या. वाटभर ती बोलत चालायची. झाडाशी बोलायची, दगडाशी बोलायची, जावयाची लाज काढायची, मीठ महाग झालं म्हणून कोणाचा तरी उद्धार करायची. मला वाटायचं, बाईला जरा भ्रम झालाय. मी तसं बोलून दाखवलं तर ती खो खो हसली.

"अवो बाई, माहा आवाज आयकू येते तवर पुढच्याईले समजते का मांगं सगळं ठीक आहे. आवाज बंद झाला तं पळाचं नाई, एका जागी जमा व्हाचं. मंग बोलू का नोको, सांग?"

आता तिच्या जेवणाचं सांगते. मी तिला एकदा गरम भात-वरण नेऊन दिलं. ती दोन पावलं मागं सरली. "खाली ठेव नं दूर हो," म्हणाली. मला असा राग आला! आम्ही काय इतके वाईट का, की आमच्या हातचं घ्यायला नको? मी तसंच फणफणून म्हटलं. तेव्हा तिनं मला बसवून, म्हणजे दूरच बसवून, सगळं सांगितलं.

त्यांच्या गावात बाईला पाळी आली की ती गावाबाहेरच्या झोपडीत राहते. कुर्मा म्हणतात त्या झोपडीला. तिचं पाणी वेगळं, चूल वेगळी, कोणी तिला शिवायचं नाही. आमच्या वडशातही चार दिवस बाजूला बसायचंच, तेव्हा मी कोणत्या तोंडानं कोणाला नावं ठेवणार? पण आमच्या घराला भिंती होत्या. वाटेवर झोपडी कुठली आणायची? मग पाळी आलेली पोरगी सगळ्यांच्या मागं, हाक जाईल न जाईल इतक्या लांब, एकटी चालायची. जुरीबाईची धाकटी बहीण अशीच चालत होती. पुढची माणसं नदीच्या उतारावर तिची वाट पाहत थांबली. ती आलीच नाही. मग तिच्या डोक्यावरची चुंबळ तेवढी वाटेवर सापडली.

"तवापासून मी मांगं चालतो," जुरीबाई म्हणाली. "आता मले पाळी नाई, पन पाळीतल्या पोरीसंगं जो चालला तो बी वेगळाच. रस्त्यात कोनाले कदी येईन ते कोन सांगन? म्हनून मी गावातूनच वेगळी निघतो. कोनी मले शिवत नाई, माह्या हातचं पानी घेत नाई. हंगाम सरला का नदीवर आंघोळ करतो नं गावात जातो."

म्हणजे ज्या माणसांना ती जिवावर उदार होऊन खाली आणत होती, त्यांच्या पंगतीत तिला बसायला जागा नव्हती, आणि ती जागा तिनं आपणहून सोडलेली. मी भाताचं पान खाली ठेवलं आणि मागं सरले.

ज्या सालचं सांगतेय त्या साली मी गरोदर होते. माहेरी जायची वेळ झाली होती, पण वाघाच्या भीतीनं गाडीवाले त्या रस्त्याला यायला तयार नव्हते. शेवटी सोमा गाडीवान म्हणाला, डोंगरातली माणसं उतरली की त्यांच्यासोबत जाऊ, घोळका बरा. तशी आम्ही वाट पाहत होतो.

माणसं आली तीच घाबरलेली. लेकरंसुद्धा रडेनात. नदीपासून वाघ मागं होता. त्यांचं कुत्रं त्यानं वाटेवरून उचललं होतं. जुरीबाई पुष्कळ उशिरा पोचली. तिच्या पायात बांबूचा खुंट घुसला होता, पाऊल सुजून टम्म झालं होतं, वरून पाला नि चिंधी बांधलेली. मी हळद आणि गरम तेल दिलं, खाली ठेवून. तिनं ते लावलं आणि पाय बघून त्यालाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळेला गोंधळ उठला. त्यांच्यात मंगली नावाची पोरगी होती, नवीनच लग्न झालेली. तिला वाटेतच पाळी आली होती आणि तिनं ती लपवली होती. सगळ्यांसोबत नदी उतरली, सगळ्यांच्या चुलीला लाकडं घातली. का लपवली? अहो, का म्हणजे? वाघ मागं असताना आपण होऊन कोण शेवटी चालेल? जुरीबाईचा पाय तिनं वाटेतच पाहिला होता. ही म्हातारी आपल्याला सोबत देऊ शकणार नाही, हे तिला कळलं होतं. पण विहिरीवर एका बाईच्या ते लक्षात आलं आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. हिच्यामुळंच वाघ लागला, हिनंच बाटवलं. तिचा नवरा खाली मान घालून उभा, मेला तोंड उघडेना.

त्यांच्यात त्यांचा गायता होता, म्हणजे गावचा पुजारी. वाळकासा म्हातारा, खांद्यावर नातू. भांडण गोंडीत चाललं होतं, पण तोवर मलाही ती भाषा समजायला लागली होती. गायता ओरडत नव्हता, हे मुद्दाम सांगते. तो म्हणाला, "पोरगी दूर मांगं चालन, नाई तं परत डोंगरात जाईन. माह्यासंगं लेकरं आहेत. मी काय करू?" परत जायचं म्हणजे त्याच रानातून, एकटीनं. नाक्यात थांबावं, तर मी निघालेली आणि नाक्यात एकटा पुरुष. सगळ्यांनीच चार दिवस थांबावं, तर गाठोड्यात दाणा उरला नव्हता, आणि खाली कापणी काही कोणासाठी थांबत नाही. मंगली विहिरीच्या काठाला धरून बसली होती. तिचे दात वाजत होते. ऊन चांगलं वर आलं होतं तरी.

जुरीबाई कुंपणाबाहेरून सगळं ऐकत होती. मग तिनं पळसाची एक मोठी फांदी मोडून घेतली आणि लंगडत रस्त्यावर आली.

"पोरगी वेगळीच चालन," ती म्हणाली. "पन पुढं."

"पुढं?" गायता म्हणाला. "तिच्या पावलावर आमी पाय कसे देऊ?"

"पाऊल राह्यलं तं देशीन नं! तिच्या मांगं मी. तिचं एकएक पाऊल मी या फांदीनं झाडून काढतो. माह्या मांगं तुमी, दहा हात सोडून. माहा पाय असा आहे, मी मांगं राह्यली तं तुमी मले टाकून जासान. पुढं असली का कोनाच्या बापाले माह्यापेक्षा जोरात जाता येत नाई."

गायता विचार करत राहिला. त्याला त्यात चूक काढता येईना, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"नं मांगं कोन?" त्यानं विचारलं.

"मांगं तू. देवाचा मानूस तूच आहेस. नातू दे सुनेजवळ. नं तोंड चालू ठेवजो."

असे आम्ही निघालो. सर्वांत पुढं मंगली, तिच्या मागं कमरेत वाकून रस्ता झाडणारी जुरीबाई, मग थोडं अंतर सोडून माझी गाडी, मागं सगळी माणसं, आणि शेवटी गायता. कार्तिकातला रस्ता, घोटाभर धूळ. पोरीचं पाऊल उमटायचं आणि लगेच फांदीखाली जायचं. म्हातारीच्या चिंधीला रक्त येत होतं. तिचे स्वतःचे ठसे मात्र कोणी झाडत नव्हतं, त्यावरून आमची चाकं जात होती. चाल इतकी हळू, की सोमा सारखा सूर्याकडे पाहत होता. दिवस असेतो रान सुटलं पाहिजे होतं. दोन्ही बाजूंना गवत पुरुषभर उंच. मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि मनात एकच, देवा, या लेकराला जग पाहू दे.

मागून गायत्याचा आवाज येत होता. आधी त्यानं देवांची नावं घेतली. गावचा देव, डोंगरचा देव, नदीचा देव. देव संपले तसा तो पूर्वजांवर आला. पूर्वज संपल्यावर कुठल्याशा बैलावरून व्याह्याला शिव्या द्यायला लागला. पोरं हसायला लागली. मलाही हसू फुटलं. आणि आवाज बंद झाला.

सोमानं बैल थांबवले. ते फुरफुरत होते, त्यांच्या पाठीची कातडी थरथरत होती. जुरीबाई ताठ उभी राहिली. मंगलीला म्हणाली, "पाय उचलू नोको. जिथी आहेस तिथीच उभी राह्य." फांदी खाली ठेवली आणि काठी टेकत मागं निघाली. माणसं गाडीभोवती जमा झाली होती. तिला वाट देताना ती माणसं रस्त्याच्या कडेला सरली, तिचा स्पर्श होऊ नये म्हणून. त्या घटकेलासुद्धा! माझा असा संताप झाला, की गाडीतून उतरून एकेकाला हलवावं. पण ती तशीच अंग चोरून त्यांच्यामधून गेली, तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मी गाडीत उंचावर होते, म्हणून मला सगळं दिसलं. गायता उघड्या तोंडानं उभा होता. त्याच्या पलीकडे, वळणावर, भर उन्हात वाघ रस्त्यावर आडवा उभा. लोक विचारतात, केवढा होता? मला काय माहीत केवढा होता! मला त्याची शेपटी तेवढी आठवते, तिचं टोक हलत होतं.

जुरीबाई गायत्याच्या पुढं जाऊन उभी राहिली. काठी दोन्ही हातांत धरली आणि बोलायला लागली. "काऊन रे, तुले घरदार नाई? कुत्रं खाल्लं नं आमचं? मंग पोट नाई भरलं तुहं? सकाळपासून मांगं मांगं येऊन राह्यला, शरम नाई वाटत?" शेतात घुसलेल्या कोणाच्या ढोराला हाकलावं तसं. आवाज चढवला नाही, थांबवलाही नाही. एक बोलणं संपायच्या आत दुसरं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वाघानं तोंड वळवलं आणि गवतात गेला. घाई केली नाही मेल्यानं.

ती गायत्याकडे वळली. "आवाज काऊन बंद केला?"

"शिव्या संपल्या, बाई," गायता म्हणाला. घसा बसला होता बिचाऱ्याचा.

"चाल. मी शिकवतो."

तिनं त्याला तिथल्या तिथं दोनचार शिकवल्या. त्या मी इथं सांगणार नाही. गायता शेवटीच राहिला, आपणहून राहिला, आणि रान संपेस्तोवर त्यानं त्या नव्या शिव्या घोकल्या. मंगली होती तिथंच उभी होती, पाऊल तसूभर हललेलं नव्हतं. जुरीबाईनं फांदी उचलली आणि पुन्हा कमरेत वाकली.

सूर्य टेकता टेकता झाडं सुटली आणि समोर धानाचे बांध दिसले. बाया वाकून कापत होत्या. मंगली पहिल्या बांधावर मटकन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मीही रडले, मला काय झालं होतं कोण जाणे.

माझ्या वडिलांनी त्या सगळ्यांना आमच्याच शेतांवर कामाला ठेवून घेतलं. शेताच्या कडेला मंगलीसाठी धानाच्या तणसाची खोप केली आणि शेजारच्या मोहाच्या झाडाखाली जुरीबाई पडून राहिली, पाय उंच करून. मी रोज जेवण पाठवत होते. मंगलीचे दिवस संपले, तिनं तळ्यावर आंघोळ केली, दुसरं लुगडं नेसली आणि बायांमध्ये जाऊन कापायला लागली. पोरगी हसायला लागली होती. नवऱ्याशी मात्र बोलत नव्हती, आणि बरंच करत होती.

जुरीबाईनं आंघोळ केली नाही. पायाची सूज उतरली तशी ती एका सकाळी उठली आणि काठी घेऊन उभी राहिली. वर डोंगरात अजून घरं होती, तीही खाली उतरायच्या बेतात होती. मी म्हटलं, "अहो, पाय तर बरा होऊ द्या." तर म्हणे, तो चालून चालूनच बरा होते. त्याच साली ह्यांची बदली झाली आणि मी पुन्हा नाक्यावर गेले नाही, तेव्हा मी तिला पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं.

मंगली नव्या तांदळाचा भात पळसाच्या पानावर घेऊन आली. रीतीप्रमाणं पान दूर ठेवलं, मागं सरली. आणि मग तिला काय झालं कोण जाणे, ती एकदम धावत म्हातारीच्या पायाकडे गेली. जुरीबाईनं काठी उगारली.

"दूर हो! दूर हो म्हनतो नं!" तिनं खालचं ढेकूळ उचलून फेकलं. ते पोरीच्या पोटरीला लागलं. "आता कुठं मानसाईत आली. मले शिवशीन तं पुन्हा भाहेर बसवतीन तुले. जाय!"

मंगली थांबली. दोघींच्या मधे भाताचं पान. जुरीबाईनं ते काठीनं ओढून घेतलं, खाली बसून अर्धा भात खाल्ला, उरलेला पानासकट पदरात बांधला. बांधताना म्हणाली, वर एक पोरगी आहे, तिच्या घरी चूल नाई पेटत. मग उठली आणि बांधावरून लंगडत झाडांकडे निघाली.

मंगली तिथूनच ओरडली, "बाई! तू आंघोळ कदी करशीन?"

जुरीबाईनं वळून पाहिलं नाही.

"सगळे उतरले का करीन," ती म्हणाली, आणि रानात शिरली.